मच्छीमार बोटीवर छोटा ओव्हन: घ्यायचा कुठला आणि बसवायचा कसा

बोटीवर ओव्हन हवा असं ठरलं की लोक आधी दुकानात जातात नाहीतर मोबाईलवर फोटो बघत बसतात, कुठला किती लिटरचा, आत बांगडे किती मावतील, दार काचेचं आहे का. माझं म्हणणं असं की ओव्हन सगळ्यात शेवटी घ्या. आधी सिलिंडर कुठे राहणार ते ठरवा, मग गॅस गळलाच तर तो वाहत कुठे जाणार ते बघा, मग ओव्हनची जागा नक्की करा. एवढं झालं की कुठला ओव्हन घ्यायचा हा प्रश्न फार उरत नाही, कारण अर्धे पर्याय आपोआप बाद झालेले असतात.

हे सगळं मी आपल्या किनाऱ्यावरच्या बोटी डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, म्हणजे सातपाटी, वर्सोवा, ससून डॉक, करंजा, हर्णै, मिरकरवाडा, देवगड, मालवण इकडचे ट्रॉलर (जाळं ओढत नेणाऱ्या बोटी) आणि गिलनेटर (उभं जाळं टाकणाऱ्या बोटी). डिझेल इंजिन, मागच्या बाजूला केबिन, केबिनमध्येच किंवा केबिनच्या आडोशाला शेगडी, आणि पाच-सात माणसं तिथेच जेवणार, तिथेच झोपणार. गोव्यातल्या बोटींनाही हेच लागू पडतं.

ओव्हनची गरज आहे का?

बऱ्याच जणांना हे चोचले वाटतात. भात-कालवण होतंय ना, मग ओव्हन कशाला. पण समुद्रात स्वयंपाकात सगळ्यात धोक्याचं काम कुठलं असेल तर ते तळण. कढईत अर्धा लिटर उकळतं तेल, बोट आडवी लाट खाते आणि ते तेल माणसाच्या मांडीवर नाहीतर सरळ बर्नरवर. ओव्हनमध्ये मासा बंद डब्यात असतो, तेल चमचाभर लागतं, आणि तो शिजेपर्यंत माणसाला शेगडीसमोर एका हाताने खांब धरून उभं राहावं लागत नाही. चार-पाच दिवसांच्या फेरीत पाव वातड होतात ते गरम करता येतात, पीठ भिजवून ताजे पण लावता येतात. मला विचाराल तर तळण बंद होतं एवढ्या एका कारणासाठीसुद्धा ओव्हन घ्यावा.

जी बोट पहाटे जाऊन दुपारी परत येते तिला मात्र याची काही गरज नाही. घरून डबा न्यावा.

पायरी पहिली: सिलिंडरची जागा

एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. घरात गळला तर दार-खिडक्या उघडून, जमिनीलगतचा गॅस बाहेर जाऊ शकतो. बोटीत तसं होत नाही. बोटीला खाली दार नसतं. गळलेला गॅस पाण्यासारखा उतरत उतरत फळ्यांच्या फटीतून बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या अगदी तळाच्या पोकळीत जातो, इंजिनखाली जाऊन साचतो आणि तिथेच बसून राहतो. हवेत साधारण २ ते ९ टक्के गॅस मिसळला की ते मिश्रण पेटतं. हिशोब करून बघा, १०० ग्रॅम गॅसची वाफ साधारण ५० लिटर होते आणि तेवढी वाफ जवळजवळ अडीच घनमीटर हवा पेटण्याजोगी करायला पुरते. म्हणजे केबिनखालची सगळी जागा. मग कोणीतरी स्टार्टर मारतो, किंवा बिल्ज पंप स्वतःहून चालू होतो, आणि एक ठिणगी बास होते.

म्हणून सिलिंडर केबिनच्या आत नको, इंजिनरूममध्ये नको, मासळीच्या खणात तर अजिबातच नको. त्याची जागा उघड्या डेकवर किंवा केबिनच्या टपावर. जागा निवडताना हे बघा: इंजिनरूमचं झाकण, हवेचा पाईप, केबिनचं दार यापासून निदान अर्धा मीटर लांब, जितकं जास्त तितकं चांगलं. सायलेन्सरच्या पाईपाजवळ नको. विंच आणि जाळ्याच्या दोरांच्या वाटेत नको, कारण ताणलेला दोर सुटला तर रेग्युलेटर उडवून नेईल. आणि सिलिंडर कायम उभाच, आडवा कधीच नाही, आडव्या सिलिंडरमधून वाफेऐवजी पातळ गॅस लाईनमध्ये येतो आणि बर्नरवर भडका होतो.

टपावर ठेवणार असाल तर खाली स्टीलची रिंग, वर दोन पट्टे. सुतळीने नाहीतर जुन्या जाळ्याच्या दोरीने बांधू नका, उन्हाने ती कधी कुजते कळतही नाही. उन्हापासून सावली द्या पण चारी बाजूंनी बंद करू नका. ज्यांना बंद पेटीच हवी आहे त्यांनी पेटीचं झाकण वरून उघडणारं करावं, आत वायरिंग, स्विच, बल्ब काहीही नसावं, आणि पेटीच्या तळातून किमान १९ मिलिमीटर आतल्या मापाचा पाईप उताराने थेट बोटीबाहेर काढावा, त्याचं तोंड बोट पूर्ण भरलेली असतानाही पाण्याच्या वर राहील असं. छोट्या बोटींवरच्या गॅसचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १०२३९ आहे, त्यातही हेच मूळ तत्त्व आहे: गळलेला गॅस बोटीत न जाता समुद्रात जायला हवा. त्या पेटीत मग स्पेअर दोर, पेंटचे डबे, काही कोंबायचं नाही, पाईपाचं तोंड बुजलं की पेटीचा उपयोग संपला.

सिलिंडर कुठला? धंद्याच्या बोटीवर घरगुती १४.२ किलोचा लाल सिलिंडर नियमात बसत नाही, व्यावसायिक घ्यावा लागतो, तो १९ किलोचा मिळतो. पण १९ किलोचा सिलिंडर भरलेला ३५ किलोच्या पुढे जातो आणि तो टपावर चढवणं हे कोणाच्याही कमरेचं काम नाही. छोट्या ओव्हनसाठी मला ५ किलोचा सिलिंडर सगळ्यात बरा वाटतो, पेट्रोलपंपावर आणि एजन्सीत ओळखपत्र दाखवून मिळतो. इंडेनचा कंपोझिट सिलिंडरही आता मिळतो, २०२१ मध्ये आला, बाहेरून प्लास्टिकचं कवच आहे त्यामुळे लोखंडासारखा गंजत नाही, वजन लोखंडीच्या निम्म्याच्या आसपास, आणि आत गॅस किती उरलाय ते उजेडात धरून दिसतं. खाऱ्या हवेत या तिन्ही गोष्टींचं मोल फार आहे.

बाजारात बिनकंपनीचे ते छोटे सिलिंडर मिळतात ना, ज्यांच्यावर थेट बर्नर बसवतात आणि मोठ्या सिलिंडरमधून चोरून भरून देतात, ते बोटीवर आणूच नका. किती भरलाय कोणालाच माहीत नसतं आणि व्हॉल्वचा भरवसा नाही.

गॅस किती लागेल याचा अंदाज असू द्या. २ किलोवॉटचा बर्नर पूर्ण ज्योतीवर तासाला साधारण १६० ग्रॅम गॅस खातो. म्हणजे ५ किलोत एका बर्नरचे तीसेक तास. चहा-भात धरून आठवड्याच्या फेरीला एक चालू आणि एक भरलेला स्पेअर असं धरा, आणि स्पेअरसुद्धा बाहेरच, तसाच बांधलेला, टोपी लावून.

पायरी दुसरी: ओव्हनची जागा

बोटीत सगळ्यात कमी हलणारी जागा म्हणजे मधल्या रेषेजवळ, खालच्या पातळीला, लांबीच्या मध्याच्या थोडी मागे. नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे गेलात तर भांडी उडतील. आपल्याकडे केबिन मागेच असते त्यामुळे जागा बरी मिळते, फक्त ओव्हन केबिनच्या अगदी कडेला न लावता आतल्या बाजूला घ्या.

दुसरं म्हणजे बाहेर पडायची वाट. शेगडी-ओव्हन दारात बसवला आणि पेटला तर आत झोपलेली माणसं अडकली. ओव्हन आत, दार मोकळं, आणि स्वयंपाक करणाऱ्याला ज्योतीवरून हात न नेता गॅस बंद करता आला पाहिजे. हे मी परत परत सांगतो कारण बऱ्याच केबिनमध्ये कॉक नेमका शेगडीच्या मागे भिंतीवर असतो. आग लागल्यावर तिथे हात कोण घालणार?

तिसरं, हवा. ज्योतीला हवा लागते आणि कमी पडली की कार्बन मोनॉक्साईड तयार होतो, त्याला ना वास ना रंग. केबिनमध्ये एक झरोका खाली, एक वर, दोन्ही बंद करता येणार नाहीत असे ठेवा. पावसाचं पाणी येतं म्हणून लोक खालचा झरोका गोणपाटाने बुजवतात. त्यापेक्षा बाहेरून उलट्या तोंडाची पत्र्याची टोपी लावा, पाणी थांबेल आणि हवा चालू राहील.

मासळीच्या खणाची भिंत टाळा. त्या भिंतीत पफचा फोम भरलेला असतो, तो तापून पेटला तर विझवणं कठीण आणि धूर विषारी.

पायरी तिसरी: आता ओव्हन निवडा

चार प्रकार प्रत्यक्षात मिळतात, आणि चौघांबद्दल माझं मत सारखं नाही.

शेगडीवर ठेवायचा ओव्हन. आपल्याकडचा गॅस तंदूर, गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन, घडीचा पत्र्याचा कॅम्पिंग ओव्हन, किंवा परदेशात बोटवाले वापरतात तो स्वीडनचा ओम्निया, मधे भोक असलेला कंकणासारखा. याला वेगळी गॅसलाईन लागत नाही, वायर लागत नाही, बिघडण्यासारखं काही नाही, आणि काम झालं की धुऊन फळीवर बांधून ठेवायचा. दोन बर्नरची चांगली शेगडी बोटीवर आधीच असेल तर याच्यापुढे जायची गरज नाही, दहा बोटींपैकी नऊ बोटींना मी हाच सांगेन. उणीव एकच, खालून आच लागते त्यामुळे वरून रंग कमी येतो आणि ज्योत मोठी केली की बूड करपतं. मंद आच आणि वेळ जास्त, हे एकदा हाताला बसलं की पाव पण छान होतात. घडीचा ओव्हन मात्र उंच आणि हलका असतो, तो नुसता शेगडीवर ठेवून चालत नाही, चारही बाजूंनी अडकवायला लागतो.

प्रेशर कुकरची शिट्टी काढून, पाणी न घालता त्याचा ओव्हन करतात, तो बोटीवर करू नका. रिंग जळते, सेफ्टी व्हॉल्व वितळतो, आणि पुढे त्याच कुकरमध्ये भात लावला की तो विश्वासाचा राहत नाही. त्यापेक्षा जाड बुडाचा टोप, तळाला जाडं मीठ, वर जाळी, वर घट्ट झाकण. काम तेच होतं.

स्वतःचा बर्नर असलेला गॅस ओव्हन. वर दोन बर्नर, खाली ओव्हन. दर फेरीला सात-आठ माणसांचं जेवण आणि पाव करायचे असतील तर हा घ्या. घेताना पहिली अट, प्रत्येक बर्नरला आणि ओव्हनच्या बर्नरला फ्लेम फेल्युअर डिव्हाइस पाहिजे. ज्योतीजवळ एक बारीक दांडी असते, ज्योत वाऱ्याने किंवा उतू गेलेल्या पाण्याने विझली की ती थंड होते आणि व्हॉल्व आपोआप बंद होतो. पेटवताना नॉब दहाएक सेकंद दाबून धरावा लागतो म्हणून लोक वैतागतात आणि मेकॅनिककडून तो काढून टाकतात. कृपा करून काढू नका, ओव्हनची ज्योत दाराआड असते, विझली तर दिसतच नाही. दुसरी अट, जेट (गॅस बाहेर पडतो ती बारीक भोकं) एलपीजीचे हवेत, पीएनजीचे, म्हणजे घरोघरी पाईपने येणाऱ्या गॅसचे नकोत. तिसरी, परदेशातून कोणी नातेवाईक कॅम्पिंग ओव्हन घेऊन आला तर त्याचा रेग्युलेटर त्यांच्याकडच्या छोट्या प्रोपेनच्या बाटलीसाठी असतो, आटे आपल्या सिलिंडरला बसत नाहीत, आणि जुगाड करून नळी जोडली तर दाब चुकतो. जमत नसेल तर नाद सोडा.

धातू बघा. स्टेनलेस स्टीलमध्ये घरगुती वस्तूंना ३०४ असतं, ते खाऱ्या हवेत तपकिरी डाग धरतं पण टिकतं. ३१६ मध्ये मॉलिब्डेनम असतं म्हणून ते मिठाला जास्त दाद देत नाही, पण त्या ग्रेडचा ओव्हन महाग. माझ्या मते ओव्हन ३०४ चा चालेल, पण बोल्ट, बिजागरी, ब्रॅकेट ३१६ चे घ्या. बर्नर पितळी. साध्या पत्र्यावर पावडर कोटिंग केलेला ओव्हन एका सीझनमध्ये बिजागरीपासून गंजायला लागतो.

विजेचा ओव्हन. इथे आकडे बोलतात. १२०० वॉटचा ओटीजी (घरात वापरतात तो विजेचा छोटा ओव्हन) इन्व्हर्टरवर चालवला तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून ११० अँपिअरच्या आसपास करंट ओढतो, २४ व्होल्टला त्याच्या निम्मा. अर्धा तास चालवला की ५५ अँपिअर-तास गेले. लेड ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नये म्हणतात, म्हणजे १०० अँपिअर-तासांची बॅटरी एका भाजणीत संपली. त्यात ती इंजिन स्टार्टची बॅटरी असेल तर मधल्या समुद्रात इंजिन चालू होणार नाही, ओव्हनच्या नादात वायरलेस पण गेला. म्हणून मोठा जनरेटर असेल तरच ओटीजी. मायक्रोवेव्ह थोडा वेगळा, तो ५ मिनिटं चालतो त्यामुळे एकूण खर्च कमी, ज्योत नाही, उलटायची भीती कमी. पण त्याला प्युअर साईन वेव्ह इन्व्हर्टर लागतो, आणि आत जोरदार चुंबक असतात त्यामुळे होकायंत्रापासून निदान एक मीटर लांब ठेवा आणि बसवल्यावर होकायंत्र हललं का ते तपासा.

डिझेलवर चालणारा ओव्हन. कॅनडाची डिकिन्सन, डेन्मार्कची रेफ्लेक्स असे बनवतात, अलास्का, नॉर्वेकडच्या मच्छीमारांना तो आवडतो कारण तोच केबिन गरम ठेवतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये केबिनची काय अवस्था असते ते तुम्हाला माहीत आहे. सोडून द्या.

पायरी चौथी: मागचं-खालचं अस्तर

फायबरच्या बोटीचं पॉलिएस्टर रेझिन ७०-८० अंशांच्या आसपासच नरम पडायला लागतं, पेटायच्या कितीतरी आधी. लाकूड रोज तापून तापून आतून कोळसत जातं आणि मग एक दिवस कमी आचेलाही पेट घेतं. त्यामुळे ओव्हन भिंतीला टेकवून लावायचा नाही.

भिंतीवर कॅल्शियम सिलिकेटचा बोर्ड लावा, त्याच्यापुढे २० ते २५ मिलिमीटर मोकळी जागा सोडून स्टीलचा पत्रा, खालून-वरून उघडा, म्हणजे मधून हवा फिरत राहील. ही मधली हवाच खरं काम करते, पत्रा बोर्डाला चिकटवला तर निम्मा फायदा गेला. जुना ॲसबेस्टॉसचा पत्रा कापून लावतात, ते नको, त्याची धूळ फुप्फुसात जाते आणि बोटीच्या हादऱ्याने ती सुटतच राहते. ओव्हनच्या मागे आणि बाजूंना कंपनीने सांगितलंय तेवढं अंतर ठेवा, सांगितलं नसेल तर १० सेंटिमीटर. वर निदान ६० सेंटिमीटर मोकळं, पडदा नाही, रेनकोट नाही, लाईफ जॅकेट तर नाहीच.

पायरी पाचवी: पक्कं बसवणं

तळाला १८ मिलिमीटरचा बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय, आयएस ७१० लिहिलेला. नुसते स्क्रू मारू नका, इंजिनच्या हादऱ्याने लाकडातला स्क्रू ढिला होतोच. आरपार बोल्ट, खालून रुंद स्टीलची पट्टी, नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेला, हादऱ्याने न सुटणारा). भोकाच्या आत रेझिन किंवा पीयू सीलंट भरा म्हणजे पाणी प्लायमध्ये जाणार नाही. ॲल्युमिनियमला स्टीलचा बोल्ट येत असेल तर मधे नायलॉनचा वॉशर, नाहीतर खाऱ्या ओलीत ॲल्युमिनियम खात जातं. झाल्यावर दोघांनी मिळून ओव्हन वर ओढा, बाजूला ढकला, पुढे खेचा. जरा जरी हलला तर समुद्रात सुटणार.

शेगडी झुलती ठेवायची का? शिडाच्या बोटींवर ओव्हन दोन पिनांवर झुलता असतो, पिनांची रेषा बोटीच्या लांबीच्या दिशेत, म्हणजे बोट डावी-उजवीकडे झुकली तरी ओव्हन सरळ राहतो. ट्रॉलर तसा एका बाजूला झुकून राहत नाही, तो झटके देत डोलतो, त्यामुळे झुलता ओव्हन स्वतःच हेलकावे खायला लागतो, शिवाय दार उघडलं की वजन पुढे येऊन आतला ट्रे घसरतो. झुलता ठेवलाच तर कुलूपपट्टी हवी, दार उघडायच्या आधी लावायची, आणि रबरी नळीला ताण येणार नाही एवढा मोकळा वळसा. माझा कौल पक्क्या बसवलेल्या ओव्हनला, भोवती ५ सेंटिमीटर उंचीचा कठडा आणि टोप धरायला सरकत्या आडव्या पट्ट्या. आणि समोर माणसाला पाठ टेकायला किंवा कमरेला अडकवायला एक पट्टा, पण तो ओव्हनसमोर नको, थोडा बाजूला, म्हणजे काही सांडलं तर अंगावर येणार नाही.

पायरी सहावी: गॅसची लाईन

सिलिंडरपासून केबिनपर्यंत तांब्याचा एकसंध पाईप, मधे जोड नाही. रबरी नळी फक्त शेवटच्या टोकाला, तीसुद्धा आयएस ९५७३ छापलेली, आत तारेची जाळी असलेली केशरी सुरक्षा नळी, आणि तिच्यावरची तारीख बघून पाच वर्षांच्या आत बदलायची. बोटीवर मी तीन वर्षांतच बदला म्हणेन, मीठ आणि ऊन दोन्ही आहे. हिरवी, निळी, पारदर्शक, पाण्याची नळी, काहीही चालत नाही.

पाईप भिंतीतून जातो तिथे रबरी ग्रोमेट. दर ३० सेंटिमीटरला क्लॅम्प. तांबं सततच्या हादऱ्याने कडक होऊन तडकतं, म्हणून सिलिंडरच्या बाजूला एक गोल वळसा द्या. इंजिनरूममधून किंवा बिल्जमधून पाईप न्यायचाच नाही, लांबचा फेरा पडला तरी चालेल. केबिनमध्ये शिरताच हाताशी एक बॉल व्हॉल्व. पैसे असतील तर सिलिंडरजवळ १२ व्होल्टचा सोलेनॉईड व्हॉल्व (विजेवर उघडणारा-मिटणारा) आणि शेगडीपाशी त्याचा स्विच, वीज गेली की तो आपोआप बंद होतो. नुसती सोय नाही ती, वाऱ्या-पावसात टपावर चढून सिलिंडर बंद करायचा कंटाळा येतो म्हणूनच तो रात्रभर चालू राहतो.

मायक्रोवेव्ह लावणाऱ्यांसाठी थोडक्यात: १५०० वॉटच्या इन्व्हर्टरला १२ व्होल्टवर ५० चौरस मिलिमीटरची केबल, जितकी आखूड तितकी बरी, आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. फ्यूजशिवाय जाडी केबल म्हणजे शॉर्ट झाला की वेल्डिंग मशीन. बॅटरी वेगळी, स्टार्टची नाही.

पायरी सातवी: अलार्म आणि आग विझवायचं सामान

बोटीवर डिझेलचा आणि मासळीचा वास इतका असतो की गॅसचा वास नाकाला उशिरा कळतो, आणि झोपेत तर कळतच नाही. म्हणून दोन अलार्म, एक एलपीजीचा, तो फळीलगत खाली, शक्य असेल तर एक सेन्सर बिल्जमध्येही. दुसरा कार्बन मोनॉक्साईडचा, झोपायच्या जागेत माणसाच्या डोक्याच्या उंचीला. एलपीजीचा अलार्म वर लावला तर निरुपयोगी. सेन्सरची मुदत असते, बहुतेकांची पाचेक वर्षं, मागे लिहिलेली असते.

एबीसी पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर दाराजवळ, शेगडीच्या वर नाही. फायर ब्लँकेट हाताशी. तेल पेटलं तर पाणी मारायचं नाही, गॅस बंद करून झाकण किंवा ब्लँकेट. गॅसच पेटला असेल तर आधी सिलिंडर बंद, ज्योत नंतर. ज्योत विझवली आणि गॅस चालूच राहिला तर तो खाली उतरून साचेल, ते पहिल्यापेक्षा वाईट.

पायरी आठवी: पहिल्यांदा पेटवणं

हे धक्क्यावर, बोट बांधलेली असताना, दिवसा करा. सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी ब्रशने लावा, बुडबुडे येतात का बघा, एक एक जोड, घाई नको. काडी पेटवून गळती बघायची नाही. मग इंजिन चालू करून हादऱ्यात परत तेच तपासा, कारण उभ्या बोटीत घट्ट असलेला जोड चालत्या बोटीत सुटतो. ज्योत निळी हवी. पिवळी असेल तर हवा कमी आहे किंवा जेट घाण आहे.

ओव्हन रिकामा अर्धा तास पूर्ण आचेवर चालवा, नवीन तेलाचा धूर निघून जाईल. तेवढ्या वेळात मागच्या पत्र्यामागे भिंतीला हात लावा. हात ठेवता येत नसेल तर अंतर वाढवा किंवा बोर्ड जाड करा. मग ओव्हन बंद करून अलार्म खरंच वाजतो का ते त्याच्या टेस्टच्या बटणाने बघा, आणि सगळ्या खलाशांना बोलावून कॉक कुठे, सोलेनॉईडचा स्विच कुठे, सिलिंडर कसा बंद होतो ते प्रत्येकाच्या हाताने करवून घ्या. तांडेलाला, म्हणजे बोटीच्या म्होरक्याला माहीत असून भागत नाही, सगळ्यात नवीन पोराला ते अंधारात करता आलं पाहिजे.

समुद्रात वापरताना

जाळं ओढायच्या वेळेला ओव्हन बंद. तेव्हा सगळे डेकवर असतात आणि बोट आडवी होते. जाळं मारून बोट एका चालीवर, लाटेला तोंड देऊन चाललेली असते ती वेळ भाजायला चांगली. ट्रे काठोकाठ भरू नका, रस असलेला पदार्थ झाकणाच्या डब्यात. अंगावर एप्रन, पायात बूट, अनवाणी नाही.

बांगडा मध्यम आकाराचा, मसाला भरून, चांगल्या तापलेल्या ओव्हनमध्ये २०० अंशांना पंधरा-अठरा मिनिटांत होतो. शेगडीवरच्या तंदूरला जरा जास्त, मधे एकदा पलटा. पाव पंधरा ते वीस मिनिटं. मोठी सुरमई अख्खी ठेवू नका, तुकडे करा, जाड भाग कच्चा राहतो.

ओव्हनचं दार उघडून केबिन गरम करायची नाही, थंडीत डहाणू-पालघरच्या बाजूला रात्री गारठा असतो तरीही नाही. झरोके बंद, ज्योत चालू आणि माणसं झोपलेली, यातून माणसं उठत नाहीत. कोळशाची शेगडी आत घेऊन झोपणं पण तसंच. रात्री शेवटचा चहा झाला की आधी सिलिंडर बंद करा, लाईनमधला उरलेला गॅस जळून ज्योत स्वतः विझू द्या, मग नॉब बंद.

जून-जुलैत

१ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते, बोटी वर ओढलेल्या असतात. सिलिंडर बोटीवर ठेवू नका. शेगडीवरचा ओव्हन घरी न्या. पक्का बसवलेला असेल तर गोड्या पाण्याने पुसा, पूर्ण वाळवा, बर्नर सोडवून घरी आणा, बिजागरीला थोडं तेल, लाईनचं तोंड टोपी लावून बंद करा, नाहीतर आत किडे घर करतात आणि ऑगस्टमध्ये ज्योत पिवळी येते. जेट साफ करताना तार घालू नका, भोक मोठं होतं, पेट्रोलमध्ये बुडवून फुंकर मारा, आणि पूर्ण वाळल्याशिवाय बसवू नका. बोल्ट सगळे एकदा पान्याने तपासा. विमा असेल तर गॅसचं काम केल्याचं कंपनीला लेखी कळवा आणि मेकॅनिकचं बिल जपून ठेवा. बोट पाण्यात उतरल्यावर, बर्फ भरायच्या आधी, सगळ्या जोडांना परत साबणाचं पाणी लावा, आणि नळीवरची तारीख तेव्हाच बघून घ्या.